अर्पणाचा कोंबडा

नंदुरबार
ता. ३ जानेवारी १९३७

प्रिय धनुताईस फत्तेसिंगचा प्रभूच्या नावे सलाम.

मी सुखरूप पोहोचलो. खांडबाऱ्याला गाडीत बसलो तेव्हा आईने दिलेला करंज्यांचा डबा मांडीवर होता, कोंबडा टोपलीत पायाशी होता आणि मी स्वतः मात्र अजून विसरवाडीतच होतो. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, कोंबडा कुठे निघाला? मी म्हणालो, नोकरीवर. ते नंदुरबारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पार्सल हापिसात माझ्या टेबलावर आठ दिवसांत मिरचीचा थर बसला होता. या दिवसांत नंदुरबारात धूळ नसते, जिकडे तिकडे मिरचीच असते. पहिल्या दिवशी पावती लिहिता लिहिता मी सतरा शिंका दिल्या. बन्सीलालने मोजल्या. बन्सीलाल म्हणजे माझ्या खोलीतला सोबती. तापीकाठच्या गुजर पाटलाचा मुलगा, तिकिटाच्या खिडकीवर बसतो आणि कांदासुद्धा जपून खातो. आईच्या करंज्यांत अंडं नाही ना, हे त्याने मला तीनदा विचारलं आणि मग निम्मा डबा संपवला.

खाणावळीतली डाळ तशीच पातळ आहे. सकाळची सुरत गाडी तशीच उशिरा येते. फक्त मलाच काही सुचत नाही. भुसावळला चार वर्षं काढली, एकदाही नाताळाला रजा मिळाली नाही. यंदा इथे बदली झाली आणि घरचा नाताळ मिळाला. बाबांनी बांबूची चांदणी तिरकी बांधली आणि सरळ करायला गेलो तर अंगावर आले. रात्री दारोदार गाणी म्हणत फिरताना ढोलकी फुटली आणि शेजारच्या जामसिंगभाऊंनी पुढची चार घरं डब्यावर वाजवली. आईचं कालवण, नव्या तांदळाचा भात, सगळे एका ओळीत जेवायला. ते आठवलं की पार्सलावर भलत्याच गावाचं नाव पडतं. परवा एक पेटी चुकून घरच्याच पत्त्यावर लागली असती.

आणि तो लिलाव! ज्याच्याकडे रोकड नाही तो भोपळा, अंडी, तूर, कोंबडी असं काही देवाला अर्पण करतो आणि उपासनेनंतर मोहाच्या झाडाखाली त्याची बोली लागते, हे मी लहानपणापासून बघतो आहे. पण यंदा एक गोष्ट मला खटकली. साध्या भोपळ्यावर माणसं तुटून पडत होती. आणि तो तांबडा, तुरेबाज, राजासारखा कोंबडा पुढे आणला तर सगळी मंडळी मूग गिळून बसली. एकटे रेवजीमास्तर 'आठ आणे' म्हणाले. मला राहवलं नाही. एवढा कोंबडा आणि देवाला आठ आणे? मी 'एक रुपया' म्हणालो.

पुढचं तू पाहिलंच आहेस. मास्तरही भक्तीने पेटले. ते वाढवीत गेले, मी वाढवीत गेलो. बाबा मागून माझा सदरा ओढून मला जोर देत होते. चार रुपयांना कोंबडा माझा झाला. तेवढ्यात मास्तरांच्या गजराने मान वर करून आमच्या बाजूला बघितलं. ताई, तुझ्याशी कसली चोरी? बोली मी तिच्यासाठीच लावली होती. तू तिच्याबरोबर एका शाळेत शिकवतेस, रोज एका बाकावर बसून डबा खातेस, तेव्हा तुला सगळं ठाऊक आहेच. मास्तरांचा चेहरा तर भक्तीने लाल झाला होता. आता त्यांच्याकडे शब्द टाकायला याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

नव्या वर्षाच्या दिवशी आमचे स्टेशनमास्तर पिंटोसाहेब यांच्या बंगल्यावर जेवायला होतो. जेवण उत्तम, फक्त दातांना जरा काम पडलं. कोंबड्याचीही सोय लागली.

आईबाबांना सलाम. उत्तर लवकर लिही.

तुझा
फत्तेसिंग


विसरवाडी
ता. ९ जानेवारी १९३७

चि. फत्तेसिंग यास धनुबाईचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

अरे शहाण्या, बाबा सदरा ओढत होते ते तुला खाली बसवायला. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा शिवण उसवली, ती मी शिवून दिली, तेव्हाही तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तू भुसावळला गेलास त्याच्या आदल्या वर्षी रेवजीमास्तरांची बायको वारली, हे तुला आठवत असेल. तिला कोंबड्यांचं वेड. तिने बसवलेल्या शेवटच्या अंड्यांतून निघालेला हा कोंबडा. बाकीच्या कोंबड्या गेल्या, काही मुंगसाने नेल्या, हा एकटा राहिला. तू गेल्यापासून मास्तर दर नाताळाला घरातलं सर्वांत प्रिय ते म्हणून हाच कोंबडा अर्पण करतात. आणि लिलावात आठ आण्यांना परत घेतात. त्या वेळी कोणी बोली लावायची नाही, हे मंडळीत कोणी कोणाला सांगितलेलं नाही, पण तान्ह्या मुलालाही कळतं. पाद्रीसाहेबसुद्धा तेवढा वेळ झाडाकडे बघतात. आणि तू उठून 'एक रुपया' म्हणालास! तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या आईने पदर तोंडात कोंबला होता.

मास्तरांचा चेहरा भक्तीने लाल झाला नव्हता.

आता नीट वाच. गजराची गोष्ट मी मास्तरांच्या कानावर नाताळाआधीच घातली होती. 'मुलगा बरा दिसतो, येऊ दे, पाहू,' असं ते म्हणाले होते. त्यांनी मुलगा पाहिला. त्या दिवसापासून ते बाबांशी बोलत नाहीत. दोघं दर शनिवारी आपल्या ओट्यावर बसून उद्याच्या उपासनेतल्या गाण्यांचे आकडे काढायचे. आता बाबा एकटेच बसतात आणि गाणी भलतीच निघतात.

मी काल मास्तरांच्या घरी गेले. काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून सांगितलं की फत्तेसिंगला तुमची रीत ठाऊक नव्हती, कळल्यावर त्याला फार वाईट वाटलं, कोंबडा त्याने जिवापाड सांभाळला आहे आणि ईस्टरला येताना तो तुमच्या अंगणात आणून सोडणार आहे. हे ऐकून ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. म्हणाले, 'खातो का नीट?' मी म्हटलं, फत्तेसिंगच्या हातची ज्वारी खातो. देवा, मला क्षमा कर.

तेव्हा तुझं काम एवढंच. कोंबडा धडधाकट ठेव आणि ईस्टरला घेऊन ये. तो आला तर गजराचा विषय पुन्हा काढता येईल. नाही आला तर तू आपला भुसावळला परत जा.

धनुबाई


नंदुरबार
ता. १४ जानेवारी १९३७

प्रिय ताईस सलाम.

तुझं पत्र पोहोचलं. वाचून जेवण गेलं नाही. मास्तरांच्या बायकोच्या कोंबड्याची गोष्ट मला खरंच ठाऊक नव्हती. त्या मला लहानपणी चिंचा द्यायच्या.

कोंबड्याची काळजी करू नकोस. त्याला आता कसलाही त्रास नाही. आमच्या खोलीत जागा अपुरी आणि बन्सीलालच्या धुतलेल्या धोतरावर तो नेमका बसायचा, म्हणून मी त्याला पिंटोसाहेबांच्या बंगल्यावर पोहोचवला. साहेबांच्या घरच्यांनी त्याचं फार कौतुक केलं. तिथून तो हललेला नाही.

सहज विचारतो, त्याचा तुरा डावीकडे पडायचा की उजवीकडे? शेपटीत काळी पिसं किती होती? तुला आठवत असेल तर लिही. घाई नाही, पण परतीच्या टपालाने लिही.

आज संक्रांत. बन्सीलालच्या गावाहून त्याच्या आईने तिळाचे लाडू पाठवले. त्याने मला चार दिले आणि विचारलं, 'भो, तू आते गोड खाई ऱ्हायना तरी तुन्हं तोंड कडू कसाले शे?' मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'खोटं बोलीसन बायको भेटस, पण सासरा भेटत नही.' या गुजरांना व्यवहार कळतो हेच खरं.

गजरा काही बोलली का?

फत्तेसिंग


विसरवाडी
ता. २४ जानेवारी १९३७

चि. फत्तेसिंग यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला कोंबड्याचा परिच्छेद मी मास्तरांना वाचून दाखवला. तुऱ्याचा आणि पिसांचा परिच्छेद वाचला नाही. 'साहेबाच्या बंगल्यावर आहे' हे ऐकून ते कितीतरी वेळ हसत होते. 'ती असती तर साऱ्या गावाला सांगत फिरली असती,' म्हणाले. काल शनिवारी ते आपल्या ओट्यावर आले. बाबांनी नुसतं गाण्यांचं पुस्तक पुढे सरकवलं. आईने आत जाऊन डोळे पुसले आणि चहात दोनदा गूळ घातला.

आता पुढचं. मास्तरांनी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर एक पिशवी पाठवली आहे. तिच्यात घरच्या नागलीचे दाणे आहेत. ते कोंबड्यासाठी आहेत. ज्वारी त्याला सोसत नाही, पोट फुगतं, असं त्यांनी मला तीनदा बजावलं. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी खुराड्यावर पोतं टाकायचं. आणि पहाटे तो आरवला की 'हो, उठलो' असं मोठ्याने म्हणायचं, नाहीतर तो थांबत नाही. हे शेवटचं सांगताना ते माझ्याकडे न बघता दाराच्या कडीशी चाळा करत होते. बायको गेल्यापासून पहाटे त्या घरात त्यांच्याशी बोलणारा तो एकटाच होता रे. गजरा असते, पण ती उठेपर्यंत उजाडतं.

आणखी एक. वर्षाची मिरची घ्यायला मास्तर ९ फेब्रुवारीला नंदुरबारला येणार आहेत. बाजार झाला की तुझ्याकडे येतील. म्हणजे कोंबड्याकडे येतील.

आता मला सांग. कोंबडा तुझ्याजवळ असताना त्याचा तुरा कोणत्या बाजूला पडतो हे मला का विचारतोस? उठून बंगल्यावर जाऊन बघत का नाहीस?

गजरा काही बोलली का, असं विचारतोस. तू आधी माझ्याशी खरं बोल.

धनुबाई


नंदुरबार
ता. २९ जानेवारी १९३७

प्रिय ताई,

हे पत्र आईबाबांसमोर वाचू नकोस.

कोंबडा नाही. पहिल्या तारखेपासून नाही.

झालं असं. नाताळाची रजा पिंटोसाहेबांनी मला स्वतःच्या जबाबदारीवर दिली होती. इथे साहेबलोकांना नाताळाची डाली द्यायची पद्धत आहे. कंत्राटदाराने फळांनी भरलेली टोपली पाठवली, मिरचीच्या व्यापाऱ्याने मिठाई पाठवली. माझ्याकडे होता तो आईचा निम्मा रिकामा डबा आणि कोंबडा. त्यात तो कोंबडा पहाटे असा ओरडायचा की बन्सीलालने दोन दिवस तिकिटं उलटी दिली. तिसऱ्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, 'तुन्हा कोंबडा माले निजू देत नही भो.' मग मी विचार केला की एका दगडात तिघांचं भलं होतंय. कोंबडा टोपलीत घातला, वर झेंडूची फुलं ठेवली आणि साहेबांना डाली म्हणून नेऊन दिली. साहेब इतके खूश झाले की मला नव्या वर्षाच्या जेवणाला बोलावलं.

ताई, खानसाम्याने तो सकाळपासून शिजत ठेवला होता. तरी चिवट राहिला. मला मान म्हणून तंगडी वाढली. मी ती खाल्ली, आणि सगळं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो, मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू लिहिलंस की कोंबडा आला तर गजराचा विषय काढता येईल, आणि माझा हात खरं लिहायला धजेना. आता नागलीची पिशवीही आली आहे. ती मी खाटेखाली सरकवून ठेवली आहे.

उपाय एकच दिसतो. इथे बाजारात कोंबडे पुष्कळ येतात. तसाच एक बघून घेतो. मास्तरांचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नसतील. तू फक्त खुणा कळव. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा अभागी भाऊ
फत्तेसिंग


विसरवाडी
ता. ४ फेब्रुवारी १९३७

फत्तेसिंग,

पत्र आईबाबांसमोर वाचू नकोस असं तू लिहिलंस, पण ते पाकीट बाबांनीच फोडलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. 'तंगडी' या शब्दाशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, 'चिवट असणारच. पाच वर्षांचा होता.' आई पाटावरून उठून परसात गेली. ती रडत होती की हसत होती ते पाठमोरी असल्याने मला कळलं नाही.

खुणा मी कळवणार नाही. तुझ्यापायी मी मास्तरांशी चार वेळा खोटं बोलले आणि रविवारी प्रार्थनेला त्यांच्याच मागच्या ओळीत बसले. माझा वाटा संपला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आई लहानपणापासून सांगत आली. आणि तू तर झाकायलाही कोंबडं ठेवलं नाहीस!

गजराला मी सांगितलं. मधल्या सुट्टीत, फळ्यामागे. ती इतकी हसली की मुलींनी खिडकीत गर्दी केली. तो कोंबडा तिला गेली पाच वर्षं अंगण झाडताना टोचत होता. तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर वण आहेत. 'मेला एकदाचा,' म्हणाली. मग हसू थांबलं आणि म्हणाली, 'पण बाबांना दुसरा कोंबडा दाखवलास तर मला तोंड दाखवू नको, असं तुझ्या भावाला लिही.' शब्द तिचे आहेत, मी एकही घातलेला नाही.

गजरा काही बोलली का, असं तू विचारलंस ना? हे बोलली.

धनुबाई


नंदुरबार
ता. १४ फेब्रुवारी १९३७

रा. रा. रेवजीमास्तर यांस फत्तेसिंग आमशा याचा अतिनम्र सलाम.

हे पत्र मी पाचव्यांदा लिहीत आहे. आधीची चार बन्सीलालने वाचली आणि 'अजून खरं नही' म्हणून फाडली.

मंगळवारी आपण मिरचीचं पोतं स्टेशनवर ठेवून माझ्या खोलीवर आलात. मी आपल्याला मागच्या अंगणात नेलं आणि टोपलीखालचा कोंबडा दाखवला. आपण खाली बसलात. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलात. खिशातून नागलीचे दाणे काढून हातावर धरलेत. त्याने ते खाल्ले नाहीत, तो बन्सीलालच्या चपलेकडे गेला. आपण गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि 'बरा आहे' एवढंच म्हणालात. मग चहा घेतलात, माझ्या पगाराची नाही तर माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीत आणि चारच्या गाडीने गेलात. मी फलाटावर पोतं चढवून दिलं. गाडी हलली तेव्हा आपण मला हात केलात. त्या हातानेच माझी झोप उडवली.

तो कोंबडा आपला नव्हता. मी तो दोन दिवस आधी बाजारातून आणला होता. आपला कोंबडा मी साहेबांना डाली म्हणून दिला आणि नव्या वर्षाच्या दिवशी तो शिजला. मी स्वतः खाल्ला. त्या वेळी मला त्याची गोष्ट ठाऊक नव्हती, हे खरं आहे. पण धनुताईच्या ९ जानेवारीच्या पत्राने ती कळली आणि त्यानंतर जे केलं ते सगळं समजून उमजून केलं. धनुताईने आपल्याला जे सांगितलं ते माझ्यामुळे सांगितलं, तिला दोष देऊ नये. आणि दुसरा कोंबडा दाखवू नको असा निरोप मला ज्यांच्याकडून आला होता, त्यांचंही ऐकलं नाही. आपण दारात उभे राहिलात आणि माझं अवसान गळालं.

लिलावात मी उठलो तो देवासाठी नव्हे. आपल्या मुलीने माझ्याकडे बघावं म्हणून उठलो. आपलं सर्वांत प्रिय ते मी मिरवण्यासाठी उचलून नेलं. याची भरपाई माझ्याकडे नाही. गजराबाईंविषयी काही विचारायचं तोंडही मला उरलं नाही, म्हणून विचारत नाही. फक्त माफी मागतो.

बाजारातला कोंबडा मी परत देऊन आलो आहे.

आपला आज्ञाधारक
फत्तेसिंग आमशा


विसरवाडी
ता. ५ मार्च १९३७

चि. फत्तेसिंग यास रेवजीचा सलाम आणि आशीर्वाद.

तुमचं पत्र पोहोचलं. उत्तराला उशीर झाला तो परीक्षांमुळे नव्हे.

तुमचा कोंबडा मी टोपली उचलताक्षणीच ओळखला. पाच वर्षांच्या कोंबड्याच्या पायाचा काटा बोटभर वाढलेला असतो. तुमच्या कोंबड्याला तो अजून फुटायचा होता. शिवाय तो पांढऱ्यावर गेलेला पिवळा होता. मिरच्यांनी डोळे झोंबत होते हे खरं, पण इतकेही नाहीत. मी बोललो नाही, कारण तुम्ही रिकामी टोपली उलटी धरून उभे होतात, आणि शाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं की मुलगा आपणहून सांगणार असेल तर त्याला थोडा वेळ द्यावा. तुम्ही पाच दिवस घेतलेत. मी दहा धरले होते.

कोंबडा गेला याचं दुःख मला झालं. गाडीत मी पोत्याला टेकून खांडबाऱ्यापर्यंत रडलो. शेजारच्या बाईला वाटलं मिरची लागली, तिने पाणी दिलं. पण मग एकेक गोष्ट आठवू लागली. माझी बायको कोंबड्यांवर फार जीव लावायची, आणि नाताळ आला की त्यातलाच सर्वांत धष्टपुष्ट बघून सुरी मागायची. ती असती तर हा पहिल्याच वर्षी कालवणात गेला असता. मीच त्याला धरून बसलो होतो. दर वर्षी देवाला द्यायचं आणि आठ आण्यांना परत आणायचं. सगळी मंडळी माझ्यासाठी गप्प बसायची, आणि मला वाटायचं, हेच अर्पण. यंदा पहिल्यांदा ते खरोखर दिलं गेलं. मनाविरुद्ध दिलं गेलं, पण गेलं. तुमच्या साहेबांच्या दातांना त्रास झाला असेल तर माझी क्षमा कळवा.

आता दुसरी गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी तुम्ही 'एक रुपया' म्हणालात तेव्हा मी रागावलो हे खरं, पण कोंबड्यावरून नाही. उपदेश चालू असताना तुम्ही अडीच तास कुठे बघत होतात ते मी बघत होतो. धनुबाईने शब्द टाकलेलाच होता. तुम्ही उठलात आणि मला कळलं की हा मुलगा माझ्या घरातून काय न्यायला आला आहे. मी बोली वाढवत होतो ती त्या कोंबड्यासाठी नव्हती. दोन रुपये, तीन रुपये, माझ्या खिशात एवढे नव्हतेच. मी चारला थांबलो, कारण गजराने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तुम्ही समजता तसं तुमच्याकडे नाही.

तुमचं पत्र मी तिला वाचायला दिलं. वाचून तिने ते घडी करून स्वतःच्या पुस्तकात ठेवलं, मला परत दिलं नाही. विचारलं तर म्हणाली, 'खोटं बोलायची त्याला सवय नाही, येत नाही त्याला. त्याने जवळच्या नवापूर स्टेशनावर बदली मागावी, म्हणजे रविवारी तुमच्याकडे जेवायला मला येता येईल. आणि बाबा, आधी तुम्ही हो म्हणा, मग मी म्हणेन.' असं ती म्हणाली त्याला आज अकरा दिवस झाले. मी अजून म्हणालेलो नाही.

आज सकाळी मला उठायला उशीर झाला. तो गेल्यापासून रोजच होतो. गजराने स्वयंपाकघरातून हाक मारली, 'बाबा, शाळा!' मी 'हो, उठलो' म्हणालो आणि तसाच पडून राहिलो. ही हाकही आता जाणार, एवढंच डोक्यात येत राहिलं. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा ती दारात येऊन उभी राहिली, हात कणकेचे, आणि माझ्याकडे बघून पुन्हा चुलीकडे गेली. पोरगी अकरा दिवस माझ्या एका शब्दासाठी थांबली आहे आणि रोज मला वेळेवर उठवते आहे.

म्हणून शाळेत जाण्याआधी हे पत्र लिहायला बसलो. माझं हो आहे. चुलीपाशी जाऊन तिला हे सांगतो, मगच पाकीट बंद करतो.

ईस्टरला या. येताना काही आणू नका.

तुमचा
रेवजी